आत्याला ताप का येत नाही

आत्याचं रक्त भाच्याच्याच कोपराने सांडलं. प्रयोगशाळेतल्या सोबत्यांना दाखवायला “ही बघा आमची आत्या!” म्हणून त्याने तिच्या रक्ताची नळी टेबलाच्या कडेला उभी केली, ऐटीत वळला, आणि आत्या फरशीवर! आता पुन्हा रक्त मागायला ती कामाला होती त्या इस्पितळाच्या धुलाईघरात जाणं आलं. आणि आत्या तर स्वतःच्या सावलीकडेही पाठ करून न बसणारी.

“पहिलं कुठं विकलंस?” चादर झटकत तिने विचारलं.

“सांडलं गं.”

“रक्त सांडायला लढाईवर गेला होतास?”

तो चादरींच्या गठ्ठ्यावर टेकला. आत्या खेकसली, “ऊठ, धुतलेल्या आहेत त्या!”

तापाच्या वॉर्डातल्या चादरी धुता धुता धुलाईघरातला एकेक जण आडवा झाला होता. आत्या मात्र साधी शिंकली नव्हती. भाच्याने उभ्याउभ्याच समजावलं, “शरीरात पहारेकरी असतात, पण सगळ्यांचे सारखे नसतात. ज्यांचे वाडवडील एखाद्या साथीतून वाचले, त्यांच्या वंशात त्या रोगाच्या चोराला ओळखणारे पहारेकरी जास्त. इथल्यांचे एकाला ओळखतात, दूरदेशीच्यांचे दुसऱ्याला. तुझे बहुतेक या तापाला दारातच धरत असतील. तेच बघायचंय.”

“म्हणजे तुम्ही सांगणार, हिला ताप येत नाही.”

“तसं निघालं तर...”

“आणि ते मुकादमाच्या कानावर जाणार. मग त्या वॉर्डाची सगळी घाण माझ्या गळ्यात, आणि वर हातमोजेही बंद.”

भाचा खो खो हसला. “आत्या, तुझं आपलं काहीतरीच!”

तेवढ्यात मुकादम दारातून डोकावला. “काय म्हणतात भाचे? बाईंना ताप लागतच नाही? मग हातमोज्यांचा एक जोड वाचला की!”

तो हसतच म्हणाला, पण आत्याने मोजे कोपरापर्यंत वर ओढले. भाच्याचं हसू जागच्या जागी वाळलं.

“अहो, एक चोर ओळखीचा म्हणून कुणी दार उघडं टाकतं का?” तो मुकादमावर घसरला. “चादरीतून काय काय येतं, ते यांच्या पहारेकऱ्यांना तरी कुठं माहीत? मोजे बंद होणार असतील, तर मला हे रक्त नको.”

“राहू द्या हो, राहू द्या मोजे! थट्टा केली,” म्हणत मुकादम सटकला.

आत्याने दारातून डोकावून तो गेल्याची खात्री केली. मग एका हातातला मोजा काढून तिने दंड पुढे केला. दुसरा तसाच.

“आता तरी विश्वास बसला ना माझ्यावर?” सुई काढत भाच्याने विचारलं.

“मोज्यांवर बसला.”