डिशला लावलेलं खोबरेल

खोबरेल तेलाचा वास आला की मी पार्सेच्या ग्रामकेंद्राच्या छपरावर पोचतो. आखातातल्या इस्पितळात सुमतीकाकीचा मुलगा शेवटच्या घटका मोजत होता आणि केंद्रातल्या पडद्यावर तिला त्याला बघायचं होतं. पावसानं उपग्रहाचा सिग्नल गेला. थेंब चिकटू नयेत म्हणून मी डिशच्या तोंडाला ऐटीत तेल चोळलं.

“मेल्या, तिका न्हाऊ घालतंस काय?” दारातून काकी रडता रडता हसली.

खरंच चित्र आलं! मी दिग्विजयी थाटात खाली उतरलो. मुलानं ओठ हलवले, तेवढ्यात पाऊस दुप्पट कोसळला आणि चित्र गेलं.

डिशवरचं पाणी घरंगळत होतं. पण वाटेत सिग्नल अडवणाऱ्या आभाळातल्या पाण्याला तेल कोण लावणार? काकी काळ्या पडद्याला विचारत राहिली, “काय म्हटलंस रे, बाबू?”