सगळ्या आवाजांसाठी एकच सिंथेसायझर

जगातलं कुठलंही काम माझ्या मैत्रिणीच्या दादावर निर्धास्त सोपवावं, फक्त दोन वस्तूंमधली एक निवडायचं सोडून. खरं तर निवडणं हा त्याचा पेशाच. नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत तो तपासणी विभागात आहे आणि दिवसभर धाग्यांतले दोष काढून माल परत पाठवतो. कंपनीला हा गुण फार आवडतो, घरच्यांना तो झेपत नाही. एकदा काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, त्याला वर्षाच्या तिखटासाठी मिरच्या आणायला भिवापूरला पाठवलं. संध्याकाळी तो लहान लहान पुड्या घेऊन परतला, प्रत्येकीत चिमूटभर मिरच्या. "हे सॅम्पल आहेत. चाखून सांगा, मग पोतं आणतो." काकू म्हणाल्या, "काहून गा, तुले मिरच्या आणाले धाडलं होतं का पोरगी पाहाले?" त्या वर्षी घरात दुकानातल्या पाकिटाचं तिखट वापरलं गेलं, आणि जेवताना त्यालाही दादाने नावं ठेवली.

पण त्याचा खरा शोध सिंथेसायझरचा. समोर ठेवून वाजवायचं वाद्य नव्हे, तर कॉम्प्युटरमध्ये घालायचं सॉफ्टवेअर, ज्यातून हवे ते आवाज तयार करता येतात. दादाला चाली रचायच्या होत्या, आणि त्यासाठी असं एकच हवं होतं की ज्यातून बासरीपासून वरातीतल्या धुमाल बँडपर्यंत सगळं निघेल. "दहा घेऊन काय करू? एकच घ्यायचं, पण असं की पुन्हा पाहाले नको," असं तो म्हणायचा. आणि पाहतच राहायचा.

मी या प्रकरणात आले ती इंग्लिश मीडियममुळे. मॅन्युअल वाचणं हे माझंच काम, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. मी वाचायचे, तो वाजवायचा आणि मैत्रीण पलंगावर पाय पसरून आवाजांना नापास करायची. "हा तर मिक्सरमध्ये चमचा राहिल्यासारखा वाटते गा दादा." मी काही बोलत नसे. मला कुणाहीसमोर बोलायला जडच जातं, पण दादाने त्याचा भलताच अर्थ लावला. "ही चूप आहे म्हणजे हिले पटलं नाही," असं म्हणत त्याने दोन चांगली सॉफ्टवेअर बाद केली. फिल्टर आणि एन्व्हलप हे शब्द मला वाचता येत, कळत नसत. ते तो समजावायचा. "मूळ आवाज म्हणजे पोहे. फिल्टर म्हणजे चाळणी, नको ते खाली पाडते. अन् एन्व्हलप म्हणजे पोह्यांवर तर्रीचा रस्सा कसा सोडायचा ते. एकदम ओतला का हळूहळू, त्याच्यावर सगळं." शिकवणी सुरू असताना खरे पोहे मागवले जात, आणि कुठल्या ठेल्यावरचे, यावर संध्याकाळ संपे.

ही सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी काही दिवस फुकट वापरता येतात. आत हजारो तयार आवाज असतात, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलेले. दुसरा कुणी हवा तो उघडेल, पण दादाला तो बाकीच्या आवाजांवर अन्याय वाटे. तो 'ए'पासून सुरू करी, प्रत्येकावर तेच तीन सूर वाजवी, आणि 'एम'च्या आसपास मुदत संपे. मग नवं सॉफ्टवेअर, पुन्हा 'ए'. त्यामुळे बास आणि बेल, म्हणजे घंटा, यांच्या बाबतीत त्याचा हात धरणारा नागपुरात कुणी नव्हता, पण 'एस'मधल्या स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनचे आवाज, त्याने कधी ऐकलेच नव्हते. "दादा, तुझ्या सगळ्या चाली देवळातल्यासारख्या काहून वाजतात?" मैत्रीण विचारायची. तो म्हणायचा, "थांब ना, 'एस' येऊ दे."

हे असंच सुखाने चाललं असतं, पण मैत्रिणीचं लग्न ठरलं. मुलगा हैदराबादचा. तिने दादाकडे एकच गोष्ट मागितली. "लॉनवर सगळ्या नवऱ्या सिनेमाच्या त्याच गाण्यावर येतात. मी तुझ्या म्युझिकवर येईन. डीजेले मी दुसरं काही देऊन नाही राहिली. तू नाही केलं तर मुकाट चालत येईन." दादा हो म्हणाला आणि त्याने तीन नवी सॉफ्टवेअर उतरवून घेतली. काकू रोज विचारत, "झालं का बाबू?" "आवाज ठरू दे आई, चाल तर पाच मिनिटांची गोष्ट आहे." पत्रिका वाटून झाल्या, हळद लागली, आवाज ठरला नाही.

लग्नाच्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन डीजेशेजारी उभा राहिला. चाल झाली होती, पण फुकटच्या सॉफ्टवेअरवर. त्यात केलेलं काही जपून ठेवता येत नाही, म्हणून ती तिथेच वाजवायची होती. शिवाय ते सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने आपोआप गप्प होतं, विकत घ्यायची आठवण म्हणून. दादाने त्याचाही अंदाज बांधला होता. मैत्रीण स्टेजच्या पायरीशी पोचेल तेव्हाच सूर थांबतील, म्हणजे लोकांना ते मुद्दाम केलेलं वाटेल. त्या अंदाजात मावश्या मात्र धरल्या नव्हत्या. एकीने शालू सारखा केला, दुसरीने नथ, आणि मैत्रीण अर्ध्या वाटेत असतानाच आवाज बंद पडला.

"अरे डीजे, लाव ना गाणं!" मागून कुणीतरी ओरडलं. ती थांबली आणि तिने फक्त दादाकडे पाहिलं. साऱ्या जगाचे आवाज नापास करणाऱ्या त्या माणसाने माइक ओढला आणि उरलेली चाल तोंडाने गायला सुरुवात केली. शब्द नव्हते, आवाज घोगरा, वर जाताना फाटणारा. घाबरल्यामुळे चालही पुढे काहीतरी वेगळीच झाली. पण मैत्रीण चालू लागली, त्याच्या लयीत, आणि पायरीपर्यंत तिने त्याच्यावरची नजर काढली नाही. माझ्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "कोण गाऊन राहिलं वं? बरं गाते."

लग्नाचा व्हिडिओ गेल्या महिन्यात आला. शूटिंगवाल्याने आपल्या रिवाजाप्रमाणे मूळ आवाज काढून तिथे सिनेमाचं तेच गाणं टाकलं आहे. मैत्रीण चालत येते, आणि बाजूला दादा नुसताच तोंड उघडतो, मिटतो. तिने हैदराबादहून फोन केला, "दादा, तू गायला ते मले करून पाठव ना." तेव्हापासून तो रोज संध्याकाळी बसतो, पण त्या वेळी पुढे काय गायलं होतं ते त्याला आठवत नाही. तो नवे आवाज लावून पाहतो, पण वाईट आवाजाला वाईट म्हणणारं आता घरात कुणी नाही, त्यामुळे त्याला सगळेच बरे वाटू लागले आहेत.

काल त्याने मान न वळवताच विचारलं, "तुले आठवते का वं ते?"

मला सगळं आठवत होतं. मी भिंतीकडे बघत, अगदी हळू, गुणगुणायला लागले. दादाने लॅपटॉप मिटला. काकू चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.