गाऱ्हाणं घालून उडालो त्या दिवशी

माझा नवरा मालवणात होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. कित्येक वर्षं खपून त्याने पडवीत दोघांपुरतं एक विमान बांधलं. लोक त्याला वेडा म्हणायचे. मीही म्हणायचे, पण घरातल्या घरात. एकट्याने त्याने ते चांगलं उडवून दाखवलं होतं. मग एके सकाळी मीही बसायचं ठरलं.

गावावरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, त्याने इंजिन तापवलं. तेवढ्यात गावचे मानकरी, गावकार, नारळ घेऊन आले. घरची बाई पहिल्यांदा बसणार म्हटल्यावर देवाला गाऱ्हाणं नको? त्याने इंजिन बंद केलं. गावकारांनी ग्रामदेव रवळनाथाला आम्हाला सांभाळायला सांगितलं, जमलेले सगळे 'होय महाराजा' म्हणाले. मी सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. मग लेकीला जावेपाशी उभी करून मी विमानात चढले.

त्याने इंजिन पुन्हा सुरू केलं. चाकं कातळावरून सुटली, सड्याची कड मागे गेली, खाली समुद्र दिसला आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. पुढचा पंखा थांबला. त्याचं पातं मला स्पष्ट दिसत होतं.

"ओ, मागे वळा. चेडू थंय आसा." लेक सड्यावर होती. मी त्याचा दंड धरला.

"हात सोड. वळलव तर पडतलव."

त्याने विमानाचं नाक खाली केलं. आता सड्यावरून लेकीला आम्ही दिसत नसणार. मरणाची भीती वाटलीच, खोटं कशाला सांगू. पण लेकीला मागे ठेवून आम्ही दोघं एकदम कशाला बसलो, हा विचार त्याहून वाईट होता.

ओहोटीची ओली वाळू भराभर अंगावर आली. चाक रुतलं, विमान गर्रकन फिरलं आणि थांबलं. त्याचा हात सवयीने पेट्रोलचा कॉक बंद करायला गेला. कॉक आधीच बंद होता. होडी किनाऱ्याला लागली की इंजिनाबरोबर कॉकही बंद करायचा, नाहीतर पेट्रोल गळतं. गाऱ्हाण्याच्या वेळी त्याच्या हाताने तेच केलं होतं आणि नंतर उघडायचं राहिलं. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर आम्ही वर गेलो होतो.

"रवळनाथान वाचवल्यान," तो म्हणाला. मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

सड्यावर जाणारी पाखाडी, दगडी पायऱ्यांची वाट, मी अनवाणी धावत चढले. लेक कडेपाशी उभी होती, जावेने तिला घट्ट धरलं होतं. मी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही.

"परत जातलास तर माका पन घेवन जावा," ती म्हणाली. "माका एकटीक ठेवू नकात."