मस्टरची पहिली ओळ

आमच्या कॉलेजात मस्टर दोन. कायम प्राध्यापकांचं जाडजूड, कापडी पुठ्ठ्याचं. त्यात नावं आधीच लिहिलेली. आमचं, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचं, मस्टर म्हणजे साधी दोनशे पानी वही. तिच्यात नावं नसत, कारण जूनमध्ये आपण असू की नाही हे मे महिन्यात आम्हा नऊ जणांपैकी कोणालाच माहीत नसे. आला त्याने सही करायची. तरी शिरस्ता असा, की सह्या ज्येष्ठतेनेच करायच्या. माझी अकरा वर्षं झालेली, म्हणून पहिली ओळ माझी. उत्तनजवळच्या चौक गावाहून पहिल्या बसने येणारे आमचे कॉमर्सचे तरुण सर माझ्याआधी अर्धा तास पोहोचत, पण पहिली ओळ कोरी सोडून खाली सही करत. मला त्याचं फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? मिरवायला माझ्याकडे दुसरं होतं काय!

संघटना काढायचं खूळही माझंच. दर जूनला नव्याने अर्ज, त्याच सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स, आणि मुलाखतीला समोर तेच लोक, ज्यांच्या शेजारी बसून मी एप्रिलमध्ये पेपर तपासलेले. ते गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "शिकवण्याचा अनुभव किती?" यावरून मी स्टाफरूममध्ये वर्षभर इतकी कटकट केली, की शेवटी सगळे म्हणाले, चला, काढूच या संघटना. रविवारी दुपारी माझ्या इंद्रलोक वसाहतीतल्या घरी संघटनेच्या नोंदणीच्या अर्जावर सह्या करायच्या ठरल्या.

नेमकं शुक्रवारी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. त्या केबिनमधला माझा पहिला चहा.

"मॅडम, एक जागा मंजूर होतेय. यंदा तुमचं करून टाकू," ते म्हणाले. "फक्त त्या संघटनेच्या भानगडीत पडू नका."

मी पन्नाशीला टेकलेली. कायम व्हायची एवढी एकच संधी उरली होती, आणि मला ती हवी होती. अगदी हावरटासारखी हवी होती.

रविवारी सगळे आले. मी पोहे केले आणि माझ्याच कटकटीच्या उलट बोलायला लागले. घाई नको, परीक्षा होऊ देत, पुढच्या वर्षी बघू. चहाचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं, पोहे संपवले, आणि अर्ज फिरायला लागला. माझ्याकडे परत आला तेव्हा त्यावर आठ सह्या होत्या आणि सर्वांत वरची ओळ कोरी होती.

माझं डोकंच फिरलं.

"ही काय पद्धत झाली? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मीच सापडले का तुम्हाला?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग कॉमर्सचे सर चाचरत म्हणाले, "न्हाय हो मॅडम. सवयीनं सोडली. ती ओळ तुमचीच हाय ना?"

खरंच कोणाच्या मनात काही नव्हतं. रोज सकाळी सोडतात तशी सोडली होती. मी आणखी चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. लाज वाटत होती, भीतीही वाटत होती. चहा उतू गेला. मग मी डोळे पुसले, बाहेर येऊन सही केली, आणि शुक्रवारचं सगळं सांगून टाकलं. एकीने उठून उरलेला चहा गाळून आणला.

संघटना झाली. जूनमध्ये मला मुलाखतीचं पत्र आलं नाही. बाकी आठांना आलं, कारण आता सगळ्यांना एकदम काढणं सोपं राहिलं नव्हतं. माझ्यासाठी त्यांचं भांडण अजून चालू आहे. मला पस्तावा झाला का? झाला. पहिला आठवडा तर रोज सकाळी झाला.

कॉलेज उघडल्यावर दहाएक दिवसांनी कॉमर्सच्या सरांचा फोन आला. माझ्या तब्येतीची चौकशी झाली, उत्तनला यायचं आमंत्रण झालं. मग म्हणाले, "मॅडम, मस्टरची नवी वही आलीय. क्लार्क रोज ओरडतोय, वरची ओळ रिकामी का ठेवता म्हणून."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, आम्ही दुसरीपासनं सह्या करतोय."