उरलेला अर्थ

"पूर्ण सांगा, मास्तर," असं म्हणून ते पेनचं टोपण काढत आणि दातांत धरत. टोपण दातांत असलं की त्यांना बोलता येत नसे. ती शांतता भरून काढायचं काम माझं.

तुमच्याही इमारतीत असा एखादा माणूस असेल, उतारवयात काहीतरी नवंच धरून बसलेला. कुणी बासरी शिकतं, कुणी गच्चीत मेथी लावतं. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत माझ्या समोरच्या दारात राहणारे हे गृहस्थ इंग्रजीतले अवघड शब्द पाठ करत. जवळच्या मोहने गावातला कारखाना बंद पडेपर्यंत ते तिथे फिटर होते. बायको गेल्यावर महिन्याभरात त्यांनी जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला आणि 'ए'पासून सुरुवात केली. रोज निवडक चार शब्द. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेलो, म्हणून संध्याकाळी पाच वाजता माझ्याकडे.

त्यांची पद्धत वेगळी होती. कोशातला अर्थ ते आधी वाचत नसत. मी सांगेन तो वहीच्या डाव्या पानावर लिहीत आणि घरी जाऊन कोशातला उजव्या पानावर उतरवत. डावीकडे काही कमी पडलं, तर दुसऱ्या दिवशी तोच शब्द पुन्हा. "काल तुमचं थोडं राहिलं होतं." फिटर माणूस, माप जुळल्याशिवाय पुढचा नट हातात घेत नसे.

शब्द पाठ झाला की तो एका जिवंत माणसावर वापरायचा, हाही नियम. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी त्यांना म्हणाल्या, "वांगी आज नको नेऊ, किडकी हायत." हे खूश. "मावशी, तुम्ही कॅन्डिड आहात."

"शिवी देतोस काय रे म्हाताऱ्या?"

"नाही हो. मनात आहे ते न लपवता सांगणारी."

"मग तसं बोल ना."

सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांनी भर सभेत 'गॅरुलस' म्हटलं आणि अर्थही लगेच दिला, विनाकारण फार बोलणारा. सेक्रेटरींनी समोरच्या कागदावर टिक केली. मग म्हणाले, "असू दे. मुद्दा क्रमांक सात."

मी हसायचो. पण पाच वाजत आले की मला त्यांची धास्तीही वाटायची. ती का, ते आता लिहायलाच हवं.

त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, हॉस्पिटलमधून घरी आणलं त्याच आठवड्यात संक्रांत होती. ते तिळगूळ घेऊन आले. दुसऱ्या हातात डिस्चार्जचा कागद. "घ्या, गोड बोला," म्हणाले आणि कागदावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं. "डॉक्टर घाईत होते. पॅलिएटिव्ह म्हणजे काय हो?"

मला माहीत होतं. "त्रास कमी करायचे उपचार," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. रोग बरा होणार नाही असं दिसल्यावर जे उपचार उरतात ते, हा भाग मी तिळगुळाबरोबर गिळला. सणाच्या दिवशी, उंबऱ्यात उभं राहून, तसलं कसं बोलायचं?

ते हलक्या पावलांनी घरी गेले. वहिनींना एकदा गुहागरला माहेरी जायचं होतं, धाकट्या बहिणीकडे. "जरा ताकद येऊ दे, होळीला जाऊ," असं ते त्यांना सांगताना उघड्या दारातून मला ऐकू येई. मी ऐकत असे आणि पेपर उलटत असे. होळीच्या आधीच वहिनी गेल्या.

त्यावरून ते मला कधी काही बोलले नाहीत. फक्त शब्दकोश आणला.

अक्षरं पुढे सरकू लागली तसा 'पी' जवळ येत होता. 'एम'मधल्या 'मॅग्नॅनिमस'ला मी 'उदार' म्हटलं. दुसऱ्या दिवशी तोच शब्द परत. "उदार, आणि?"

"ज्याने दुखावलं त्याच्याबद्दलही अढी न ठेवणारा."

त्यांनी लिहून घेतलं. मान वर केली नाही.

मग एका संध्याकाळी त्यांनी वाचलं, "पॅलेटेबल, पॅलिड, पॅल्पेबल, पॅल्ट्री." पहिल्या दोन शब्दांच्या मध्ये कोशात पॅलिएटिव्ह येतो. मी दुपारीच पाहून ठेवलं होतं. त्यांनी तो गाळला होता. मी चारांचे अर्थ सांगितले आणि चहा ठेवायला उठलो.

'टी' चालू असताना एक दिवस ते वही न आणता आले. हातात स्वतःचा रिपोर्ट. तीन पानं. मी दोनदा वाचला. त्यांनी पेन काढलं नव्हतं.

"यकृतापर्यंत पसरलंय," मी म्हणालो. "बरं करायचा उपाय यात लिहिलेला नाही. काही महिने म्हटलंय. वर्षं नाही." आणि तोंड उघडलंच होतं म्हणून पुढेही बोललो, "संक्रांतीला तुम्ही शब्द विचारला होता. त्याचा अर्धा अर्थ मी सांगितला नाही."

"कोश आणला त्याच दिवशी बघितला. सगळ्यात आधी तोच."

"मग रोज माझ्याकडे कशाला यायचात?"

"तुम्हाला पूर्ण सांगायची सवय लागावी म्हणून. मला कधीतरी गरज पडणारच होती."

"राग आला असेल."

"आला होता ना. 'ए' ते 'एफ' रागच होता," ते म्हणाले. "मग शब्दांची गोडी लागली."

तिसऱ्या दिवशी ते गुहागरला निघाले. वहिनींचं राहिलेलं जाणं होतं, ते आपण करावं म्हणाले, मेहुणीला सगळं कळवलंय. दीड महिन्याने ते गेल्याचा तिचा फोन आला. समोरच्या घरात आता कुणी राहत नाही, तरी पाचला मला त्या दाराची कडी वाजलेली ऐकू येते आणि मी उठून उभा राहतो.

निघाले त्या सकाळी मी विठ्ठलवाडीच्या डेपोपर्यंत सोबत गेलो होतो. एसटी हलली तसा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "जातो, मास्तर."

आपल्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हटलं की आपण लगेच अडवतो, 'येतो' म्हणायला लावतो. वर्गातल्या मुलांनाही मी हेच सांगत आलो. तेव्हाही माझ्या तोंडाशी आलं होतं. मी गाडीबरोबर दोन पावलं चाललो, त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "हो. जा."