दुखण्याची गोळी

काल औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. "गुडघ्याच्या चार द्या," म्हणाल्या. दुकानदारानं पट्टी कात्रीनं कापून चार गोळ्या दिल्या. गोळीचं नाव उरलेल्या तुकड्यावरच राहिलं. कात्रीचा तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

आईसाठी अशाच कापलेल्या गोळ्या मी वर्षभर आणत होते. तिचा रक्तदाब काही केल्या उतरत नव्हता. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "आणखी काही औषध चालू आहे?" आई मान हलवायची, "छे हो, काही नाही." शेजारी बसून मीही मान हलवायचे. आम्ही खोटं बोलत नव्हतो. डॉक्टर लिहून देतात ते औषध. दुखण्याची गोळी आमच्याकडे ओव्याशेजारच्या डबीत असायची. डॉक्टर बीपीच्या गोळ्या वाढवत राहिले.

आईला अर्धांगवायू झाला, तेव्हा ती डबी त्यांनी पाहिली. "या गोळ्यांनी बीपी वाढतो, बीपीच्या औषधाचाही असर कमी होतो. पण यामुळंच झालं, असं मी म्हणणार नाही," म्हणाले. ते म्हणाले नाहीत. मी मात्र रोज म्हणते.

न राहवून मी त्या बाईंना विचारलं, "काकू, बीपीचं औषध चालू आहे का?"

"आहे ना. पण ही कुठं औषध आहे? ही आपली दुखण्याची."

पिशवी धरून शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीनंही मान हलवली. मी तिचा हात घट्ट धरला.