लीला मिस आणि गळ्यातलं सोनं

शाळेच्या फाटकात उभ्या राहून लीला मिस मुलांचे गळे बघत. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या आमच्या छोट्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. गालगुंडांची साथ आली की घंटेच्या आधीच फाटकात हजर. कुणाच्या कॉलरखाली सोन्याची चेन चमकली, की त्या मुलाची तिथूनच घरी रवानगी.

मी नाशिकची. नवऱ्याच्या शोळिंगनल्लूरच्या नोकरीपायी चेन्नईत आले आणि या शाळेत शिकवू लागले. मला वाटलं, दागिन्यांना बंदी म्हणून ही शिस्त. मिस हसल्या. लहानथोर सगळ्यांनाच त्या लाडाने 'कण्णा' म्हणत. त्यांचं घराणं तंजावरचं; मराठी जुन्या वळणाची आणि हेल थेट तमिळ.

"गालगुंड आलं की इथं पोरांच्या गळ्यांत सोनं घालतात, कण्णा. सूज उतरती मणून. गाल रुमालांत लपवतील, सोनं लपत नाहीं."

"म्हणजे अंधश्रद्धाच की," मी म्हणाले.

"कोण सांगट्लं? सोनं घातलेलं पोर रस्त्यांत सोडतं कोण? आजी त्यास घरांतच बसवायची. दुसऱ्यास लागायचं नाहीं. आतांचे आईबाप सोनंही घालतात आणि शाळेसही पाठवतात. अर्धं औषध घेऊन काय उपयोग?"

नाशिकच्या बी.एड.ला हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पालकांशी मात्र मिस गोड बोलत नसत. 'ऑफिसला रजा नाही' म्हणणाऱ्यांना त्या म्हणत, "व्हायरसास तरी कुठं रजा आहे?" पुष्कळ जण त्यांच्यावर चिडून होते. आता त्या नाहीत, तर तेच लोक त्यांची आठवण काढतात. जगाची रीतच ती.

नंदिनीचं प्रकरण मला विसरता येत नाही. पाचवीतली मुलगी, आमच्या शाळेतलं तिचं शेवटचं वर्ष. एलकेजीपासून तिने एकही दिवस शाळा चुकवली नव्हती. वार्षिक समारंभात पूर्ण हजेरीचा कप तिलाच मिळणार, हे शिपायालाही ठाऊक होतं. समारंभ चार दिवसांवर आला आणि तिच्या गळ्यात चेन दिसली.

तिचे वडील सुंदरराव गिंडीत लेथवर काम करत, तेही तंजावरकडचेच. स्कूटर बंदसुद्धा न करता त्यांनी विनवलं, "ज्वर नाहीं, मिस. थोडीच सूज. कप मिळूं दे, मग म्हैनाभर घरीं ठेवतों."

"सुंदर, पुढल्या म्हैन्यांत परीक्षा. हिचं लागलं तर अर्धा वर्ग तेव्हां अंथरुणांत असेल. घरीं ने."

नंदिनी रडली नाही. चेन कॉलरच्या आत ढकलत राहिली आणि मागे वळून न बघता स्कूटरवर बसली. मला मिसांचा राग आला. चार दिवसांनी काय बिघडणार होतं, असं मनात आलं. मिसही त्या दिवशी जेवल्या नाहीत. डबा तसाच परत नेला.

समारंभाला सुंदरराव एकटेच आले. लेकीने बजावून पाठवलं होतं, मैत्रिणींचा नाच मोबाइलवर घेऊन या. नाच झाला, तिची पुढच्या रांगेतली जागा मुलींनी मोकळीच ठेवली होती. मग हजेरीच्या कपाची वेळ आली. तो टेबलावर होता. मिसांनी माइक घेतला आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "हा कप आजपासून बंद. याच्यासाठी मुलं आजार लपवतात. चूक मुलांची नाही, कप आम्ही ठेवला." मग त्या मुलांकडे वळल्या. "पाचवीतल्यांनो, तुम्ही आजारी पडू नये म्हणून नंदिनी आज घरी बसली आहे. घरी बसणं तिला किती जड गेलं, ते मी पाहिलंय. तिच्यासाठी उभे राहा."

वर्ग उभा राहिला, मागोमाग सगळी शाळा. टाळ्या थांबेनात. भिंतीशी उभ्या सुंदररावांचा मोबाइल चालूच होता आणि दोन्ही हात त्यातच अडकले होते. मी जाऊन तो मोबाइल माझ्या हातात घेतला आणि मंचाकडे धरला.

त्यांनाही टाळ्या वाजवायच्या होत्या.